म्हशीसकट माहेरी

पडदा वर जातो, तेव्हा मधोमध एक म्हैस उभी आहे.

हसू नका. भल्याभल्या राजांना असा प्रवेश मिळत नाही. मागे कोल्हापूरची गंगावेस, आभाळ नुकतं कुठं राखाडी व्हायला लागलेलं. डाव्या अंगाला दगडी कट्टा आणि त्यावर ओळीनं बसलेली माणसं. कुणाच्या हातात पितळी लोटी, कुणाच्या हातात पेला. आखाड्यातून थेट आलेले दोन पैलवान आहेत, अंगावरची लाल माती तशीच. समोर धार काढायची आणि फेस उतरायच्या आत दूध प्यायचं, असा इथला रिवाज. म्हशीच्या कपाळावर पांढरा चांद, म्हणून तिचं नाव चंद्री. सगळे तिच्याकडं बघताहेत आणि ती कुणाकडंच बघत नाही. ती वाट बघते आहे.

मग उजव्या विंगेतून, म्हणजे बोळातून, धोंडुबाई येते. ठेंगणी, काटक, तिशी ओलांडलेली. लुगडं वर खोचलेलं, हातात चरवी. ती म्हशीच्या पाठीवर तळवा टेकते आणि एवढंच म्हणते, “आलो गं बये.”

चंद्री मान सैल सोडते, डोळे अर्धे मिटते आणि पान्हा सोडते. चरवीत पहिली धार वाजते. कट्ट्यावरची माणसंही सैलावतात.

साल चोपन्न. नऊ वर्षं हा प्रवेश रोज दोनदा होत आला होता. तेवढ्या काळात संस्थान विलीन झालं, नाटक कंपन्या बसल्या, रस्त्यांची नावं बदलली. हा प्रयोग मात्र एकदाही चुकला नाही. आणि यातली नटी एकदाही बदलली नाही, कारण ती बदलता येत नव्हती.

ते कसं झालं, ऐका.

पंचेचाळीस साली चंद्री पहिल्यांदा व्याली आणि चौथ्या दिवशी तिचं रेडकू मेलं. रेडकू पुढ्यात नसलं की म्हैस दूध वर ओढून धरते, काही केल्या देत नाही. त्यावर म्हशी पाळणाऱ्यांचा एक जुना तोडगा आहे. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरायचा आणि ते सोंग म्हशीपुढं उभं करायचं. ती चाटते, फसते, दूध देते. धोंडुबाईच्या सासूनं, चिमणाबाईनं, तसंच केलं. चंद्री त्या कातड्याला चाटत राहिली. दुसऱ्या दिवशी शिवण उसवून पेंढा बाहेर आला, तरी चाटत राहिली, आणि मग जी हंबरायला लागली ती थांबेना.

धोंडुबाईला ते बघवेना. तिनं ते पेंढ्याचं रेडकू उचलून उकिरड्यावर टाकलं.

“अगं ए, तुझ्या बानं दूध काढलंतं का असं?” चिमणाबाई ओरडली.

“फसवायचं तर एकडाव फसवा की! रोज दोनदा कशाला?” असं म्हणून धोंडुबाई म्हशीजवळ जाऊन बसली.

बसली ती सहा दिवस. भाकरी तिथंच, झोप तिथंच. म्हशीचं अंग खरारायचं, कानामागं खाजवायचं, आणि बाकी नुसतं बसायचं. सातव्या दिवशी चंद्रीनं तिचा खांदा हुंगला, एकदा खरखरीत जीभ फिरवली आणि पान्हा सोडला. घरात आनंदीआनंद झाला. नवऱ्यानं, केरबानं, पेढे वाटले. काय घडलं आहे हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, धोंडुबाईच्याही नाही. म्हैस तिच्या हाताला लागली होती. त्या हाताशिवाय ती आता दुसरा हात ओळखणार नव्हती.

पुढं चंद्रीला रेडी झाली, बिजली. ती जगली, वाढली. पण तीही धोंडुबाईच्या पायाशी वाढलेली. एक आटली की दुसरी व्यायची, दुसरी आटली की पहिली. घरचं दूध कधी बंद पडलं नाही, आणि धोंडुबाईची सुटका कधी झाली नाही. सकाळची धार आणि संध्याकाळची धार यांच्यामध्ये जेवढं जग मावेल तेवढंच तिचं. एकदा ती शेजारणींबरोबर जोतिबाला निघाली. अर्धा डोंगर चढली, सूर्य किती कलला ते पाहिलं आणि तिथूनच हात जोडून परतली. सख्ख्या भावाचं लग्न चुकलं. एका वर्षी हिवतापानं फणफणली होती, तेव्हा केरबानं तिला घोंगड्यासकट उचलून गोठ्यात नेऊन बसवलं. तशातच तिनं धार काढली. दोन पोरं झाली, तीही गोठ्याच्या उंबऱ्यावरच रांगली. धार न काढावी, तर कास दगडासारखी होते, सड कायमचा बंद पडतो. जनावर हकनाक नासतं.

आणि यातली गंमत अशी की गाव तिचं कौतुक करायचं. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर आणायची कोल्हापूरची रीत. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर कातरलेली नक्षी. मालकानं हाक मारायची आणि म्हशीनं गर्दीतून पळत यायचं. बाकीच्यांना चार चार हाका लागायच्या. धोंडुबाईनं नुसतं “बये” म्हटलं की चंद्री शेपूट उभारून वाऱ्यासारखी यायची. टाळ्या पडायच्या. “काय माणसाळवलीया!” लोक म्हणायचे. धोंडुबाई पदर तोंडाला लावून हसायची.

कट्ट्यावरच्या रोजच्या मंडळींत नृसिंह मास्तर होते. हायस्कुलात इतिहास शिकवायचे. पांढरी टोपी, काखेत पुस्तक, आणि दूध पिताना मिशीला फेस. त्या दिवसांत त्यांना आदिमानवाचं वेड लागलं होतं, आणि वर्गातली मुलं ऐकत नाहीत म्हणून ते कट्ट्याला शिकवायचे.

“धोंडुबाई, तू जे करतेस ना, ते माणूस आठ-दहा हजार वर्षं करत आलाय.”

“मग दमला नसंल व्हय त्यो?” धार न थांबवता धोंडुबाई म्हणाली.

पैलवान हसले. मास्तर हटले नाहीत. “आधी माणूस नुसता शिकारी. कळप जिकडं जाईल तिकडं त्याच्या मागं चालायचा. मारायचा, खायचा, पुन्हा चालायचा. मग केव्हातरी एका शिकाऱ्यानं आई मारली आणि तिचं पिल्लू जिवंत घरी आणलं. तिथून सुरुवात. आधी शेळ्यामेंढ्या, मग गाय. म्हैस तर आपल्याच देशात माणसाळली म्हणतात. जी मारकुटी ती कापून खाल्ली, जी गरीब ती ठेवली. गरीब जनावराची वीण वाढत गेली.”

“आन त्या पिल्लाला पाजलं कुणी? शिकाऱ्यानं?”

मास्तरांनी टोपी सारखी केली. “ते… बायकांनी पाजलं असणार.”

“मग शिकाऱ्यानं काय केलं?”

“तो… पुन्हा शिकारीला गेला.”

“म्हंजे आमच्या घरधन्यावाणी. वैरण टाकली आन गेला तालमीत.” कट्टा खो खो हसला. केरबा तिथंच उभा होता, तोही हसला. धोंडुबाई मात्र चरवीत बघत होती. “मास्तर, तुमचं पुस्तक म्हनतं मानसानं जनावर बांधलं. दावं हिच्या गळ्यात हाय, खरं हाय. पर दुसरं टोक खुंट्याला न्हाय. माझ्या कमरंला हाय.”

मास्तरांनी मिशी पुसली.

त्याच महिन्यात, पौषातल्या एका दुपारी, तिचा भाऊ दादा आला. माहेर शाहूवाडीकडचं, बांबवड्याच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला एक वाडी, भाताची खाचरं आणि दहाबारा घरं. दादानं उपरण्यात बांधलेले तांदूळ खाली ठेवले आणि पाणी प्यायच्या आधीच सांगून टाकलं.

“आक्का, आईचं डोळं चाललं. एक गेलाच. दुसऱ्यानं सावली दिसती. मोठ्या डाक्तरला दावलं, त्यो म्हनला आता काय इलाज न्हाय, महिनाभर काय दिसंल ते दिसंल. आई म्हनती, धोंडीचं त्वांड एकडाव बघू दे, मग गेलं तर जाऊ दे.”

धोंडुबाईनं तांदूळ उचलून आत ठेवले. नऊ वर्षांत तिनं आईला पाहिलं नव्हतं. म्हातारीच्या पायांना यष्टी चढवत नव्हती आणि लेकीला म्हैस सोडवत नव्हती. यष्टी संध्याकाळी साडेचारला सुटायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत यायची. म्हणजे एक संध्याकाळ आणि एक सकाळ, दोन धारा. दोनच धारांसाठी तिची आई तिला न बघता आंधळी होणार होती.

चिमणाबाई म्हणाली, “जाईल की. पर म्हशीचं काय?”

यावरही जुना तोडगा असतो. बाईचं नेसतं लुगडं गड्यानं गुंडाळायचं आणि धारेला बसायचं. वासाला म्हैस भुलते. सगळ्यांनी केरबाकडं पाहिलं.

“मी? लुगडं?” केरबा दोन पावलं मागं सरला. “तालमीत त्वांड दावू का नको?”

भिंतीपलीकडून आवाज आला, “मी बसतो.”

तो वसंता. शेजारच्या खोलीत एकटा राहायचा. एके काळी नाटक कंपनीत नायिका करायचा. त्याच्या शालूची घडी बघायला बायका पुढच्या रांगेत बसायच्या. बोलपटांनी कंपनी गिळली. आता स्टुडिओत गर्दीच्या दृश्यात मागं उभा राहायचा, इतका मागं की पडद्यावर त्याचा फेटासुद्धा दिसायचा नाही.

“वैनी, माझी अठरा वर्षं नऊवारीत गेलीत,” तो भिंतीवरून डोकावून म्हणाला. “हजार मानसं फसवली. एक म्हस फसवायला किती वेळ?”

तालमी सुरू झाल्या. वसंता गोठ्यात पाटावर बसून धोंडुबाईकडं टक लावून बघायचा. ती पदर कसा खोचते, बसताना कुठला गुडघा आधी टेकते, म्हशीच्या पाठीवर हात ठेवण्याआधी घसा कसा साफ करते. तिसऱ्या दिवशी त्यानं भिंतीआडून “आलो गं बये” म्हटलं, तेव्हा माजघरातून केरबा म्हणाला, “आलीस तर च्या टाक.” वसंतानं कमरेत वाकून मुजरा केला. सहाव्या दिवशी धोंडुबाई शेजारी उभी असताना त्यानं दोन धारा काढल्या. आठव्या दिवशी पावशेर दूध निघालं. दहाव्या दिवशी धोंडुबाईनं गाठोडं बांधलं.

बेत असा ठरला: वसंतानं चार वाजता धारेला बसायचं, धोंडुबाईनं आणि दादानं स्टँडवर जाऊन गाडीत बसायचं. सगळं नीट झालं तर कुणी यायचं नाही. बिघडलं तर केरबानं पळत यायचं.

धोंडुबाई खिडकीशी बसली. नऊ वर्षांत ती यष्टीत बसली नव्हती. मांडीवर गाठोडं, त्यात आईसाठी खव्याच्या वड्या नि एक नवी चोळी. ड्रायव्हर चढला. कंडक्टरनं तिकिटं फाडली. इंजिन घरघरलं. तिची बोटं आपोआप मिटत उघडत होती. चार वाजून गेले होते, बोटांना ते ठाऊक होतं.

“आक्का, सुटली बग गाडी,” दादा म्हणाला.

आणि फाटकातून केरबा आला. फेटा सुटून खांद्यावर, धोतरावर दूध.

“उतर!” तो लांबूनच ओरडला. “उतर, उतर! चरवी लाथाडली. वसंता पडलाय!”

सगळी गाडी तिच्याकडं बघायला लागली. कंडक्टर म्हणाला, “बाई, येताय का ऱ्हाताय?” धोंडुबाई उठली, मागोमाग दादाही. पायरी उतरताना तिनं एकदाच मागं खिडकीकडं पाहिलं. तिच्या जागेवर कुणी दुसरं बसलंसुद्धा होतं.

झालं होतं काय, तर वसंता हाडाचा नट. तालमीला तो साध्या तोंडानं बसला, पण प्रयोगाच्या दिवशी त्याला राहवेना. रंगरंगोटी केल्याशिवाय तो जन्मात कधी प्रवेशाला उभा राहिला नव्हता. त्यानं तोंडाला पावडर लावली. अंबाड्यात शेवंतीचा गजरा माळला. आणि शालूवर लावायचा तसा त्या शेणामुताच्या लुगड्यावर अत्तराचा बोळा फिरवला. चंद्रीनं एकदा हुंगलं आणि मागचा पाय उचलला.

धोंडुबाई आली तेव्हा तो कमरेला हात लावून भिंतीशी बसला होता, पावडरीवर शेणाचे शिंतोडे, आणि ढसढसा रडत होता.

“वैनी, माझ्यामुळं गेलं. मी शंभरदा म्हनलं गजरा नगं, तरी हात आपसूक गेला.”

“रडू नगा भाऊजी,” धोंडुबाई म्हशीखाली बसत म्हणाली. “लई झ्याक दिसताय.”

धार काढून झाली. तिनं चरवी सासूच्या पुढ्यात ठेवली आणि उभ्याउभ्या म्हणाली, “म्हस माझ्याबिगर ऱ्हात न्हाय ना? मग म्हशीला घेऊन जातो. चालत.”

“येडी का खुळी?” चिमणाबाईनं कपाळावर हात मारला. “बारा कोस! दुभतं जनावर वाटंत आटलं तर?”

“आटू दे.”

“गिऱ्हाइकं?”

“धाबारा दिस चुलीवर पानी तापवून प्या म्हनावं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धार झाल्यावर केरबा आत गेला, सरकी-पेंडीचं पोतं बाहेर आणलं आणि दादाच्या खांद्यावर ठेवलं. एवढीच त्याची परवानगी.

मिरवणूक निघाली. पुढं चंद्री, मागं हातात दावं धरून धोंडुबाई, तिच्या मागं दादा; पोरं चिमणाबाईजवळ राहिली. पंचगंगेच्या पुलापर्यंत नृसिंह मास्तर बरोबर आले. शाळेला उशीर होत होता, पण त्यांचे डोळे चकाकत होते.

“धोंडुबाई, अगदी असंच! जनावर पुढं, माणूस मागं. पहिली माणसं अशीच चालली असणार.”

“त्यास्नी परत यायचं नसंल, मास्तर,” धोंडुबाई म्हणाली. “मला धाबारा दिसांत यायचंय.”

पुलापलीकडं शेतं लागली. ऊस तोडायला आलेला, गुऱ्हाळांचा गोड वास. चंद्री आपल्या चालीनं चालायची; तिला वाटलं तेव्हा थांबायची, तिला वाटलं तिथं बसायची, आणि धोंडुबाईही थांबायची, बसायची. रस्त्यावरचे लोक विचारायचे, “पावणं, म्हस बाजारला न्हेताय व्हय?” दादा म्हणायचा, “न्हाय, म्हायेरपनाला चाललीया.” संध्याकाळी कुणाच्या तरी वस्तीवर मुक्काम. तिथंच धार. परक्या गावच्या भांड्यात दूध, परक्या पोरांच्या ओठांवर फेस, बदल्यात पेंढी दोन पेंढी वैरण. वाघबीळच्या चढावर हॉटेलवाल्यानं चंद्रीच्याच ताज्या दुधाचा चहा धोंडुबाईला पाजला. दगडावर बसून, दावं पायाच्या अंगठ्यात अडकवून ती चहा प्यायली. खाली सगळा मुलूख पसरला होता. एवढं लांब तिनं नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. तिला बरं वाटलं, आणि त्याच क्षणी चंद्रीनं दावं ओढलं.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना वाडी आली. आई, अंबूबाई, उंबऱ्यावर बसली होती. पावलं ऐकून ती उठली, दोन्ही हात पुढं केले. म्हैस पुढं होती. म्हातारीचे हात चंद्रीच्या पोटावर पडले.

“धोंडे! किती जाडजूड झालीस गं!”

दादा हसता हसता पोत्यासकट खाली बसला. धोंडुबाई हसली आणि मग तिला रडू फुटलं. आईनं तिला हाताला धरून अंगणात, उन्हात नेलं. हनुवटी धरून तोंड इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. बराच वेळ.

“कुकू दिसतंय,” ती शेवटी म्हणाली. “लाल. बाकीचं मी हातानं बघतो.” आणि कपाळापासून गळ्यापर्यंत तिनं लेकीला हातानं पाहिलं.

डोंगराकडच्या घरात गोठा वेगळा नसतो. एका छपराखाली अर्ध्यात माणसं, अर्ध्यात जनावरं. दादा आणि भावजय दिवसभर शेतात. म्हातारी आंधळेपणाची सवय करत एकटी बसलेली असायची. आता ती चंद्रीजवळ बसायला लागली. उन्हं सरकायची, पण ती सरकायची नाही. म्हशीच्या अंगावरून हात फिरवायचा, गोचिडी चाचपून काढायच्या, भाताच्या जुन्या वाणांच्या गोष्टी सांगायच्या. वसंतानं टाळीची घाई केली होती. म्हातारीला कशाचीच घाई नव्हती. जायचं कुठं?

पाचव्या दिवशी धोंडुबाईला जाग आली ती डोळ्यांवर ऊन पडल्यामुळं.

ती ताडकन उठली. ऊन! नऊ वर्षांत सूर्य तिच्या आधी उठला नव्हता. कास फुटली असेल, म्हैस हंबरून हंबरून… पण हंबरणं नव्हतं. ती तशीच, पदर जमिनीवर लोळत, पलीकडं धावली.

आई म्हशीखाली बसली होती. कपाळ चंद्रीच्या कुशीला टेकलेलं, मुठी एकामागून एक चालताहेत, आणि चरवी फेसानं काठोकाठ भरलेली. चंद्रीचे डोळे अर्धे मिटलेले.

“उठलीस?” आई म्हणाली. “झोपू दिली तुला. ही हुंगत हुती, म्हनलं बघावं.”

धोंडुबाईच्या मनात आधी आला तो राग. खरं सांगायचं तर मत्सर. बया, ज्या कासेसाठी मी भावाचं लग्न सोडलं, ताप अंगावर काढला, ती तू पाच दिवसांत दिलीस? तिला म्हशीच्या पाठीत एक धपका घालावासा वाटला. मग ती हळूहळू भिंतीला टेकून खाली बसली. हाताची काही जादू नव्हती. कुणीतरी जवळ बसून राहायला हवं होतं, बस्स. मास्तरांच्या त्या पहिल्या जनावराजवळसुद्धा अशीच कुणी बसली असेल. शिकारी नव्हे. कुणीतरी, जिला कुठं जाता येत नव्हतं.

ती हसायला लागली. आईला वाटलं रडते आहे.

“काय झालं गं?”

“काय न्हाय. दूध दे.”

त्या दिवशी दुपारी तिनं दावं आईच्या हातात दिलं. म्हणाली, आटेपर्यंत राहू दे, मग दादा आणून सोडेल. म्हातारीनं दाव्यावरून बोटं फिरवली. “माझ्या हातास्नी काम दिलंस,” एवढंच ती म्हणाली. दादानं विचारलं, “दाजी काय म्हनतील?” धोंडुबाई गाठोडं बांधत होती.

यष्टीनं ती दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापुरात उतरली. स्टँडपासून घरापर्यंत चालताना तिला सारखं वाटत होतं, आपलं काहीतरी विसरलं. उजवी मूठ रिकामी होती.

दारात चिमणाबाई गहू पाखडत होती. तिनं सुनेकडं पाहिलं, मग सुनेच्या मागं बोळात पाहिलं. पुन्हा पाहिलं.

“म्हस कुठं हाय?”

“आईपाशी.”

“आन तू हितं?”

“व्हय की.”

सूप खाली पडलं. “दुभती म्हस सोडून आलीस? जनाची न्हाय, मनाची? अगं, तीस वर्सं धार काढली मी! एक दिस उंबरा वलांडला न्हाय!”

“ठाव हाय मला,” धोंडुबाई हळूच म्हणाली.

चिमणाबाई सूप उचलायला वाकली, सांडलेले गहू गोळा करायला लागली. गव्हाकडं बघतच म्हणाली, “माझा भाऊ गेला, तवा मी धारंला बसलेली.” आणि सूप घेऊन आत गेली.

केरबा गोठ्याच्या दारात उभा होता. आत बिजली वैरण चघळत होती, पोट टरारलेलं, कासेला सूज धरलेली. तिचे दिवस भरत आले होते.

“कट्ट्यावर इचारत्यात,” तो म्हणाला. “काय सांगू?”

धोंडुबाईनं बिजलीच्या पोटावर हात ठेवून पाहिला, आणि मग नवऱ्याकडं बघून म्हणाली,

“सांगा, पंधरा दिसांत बिजली व्यायची हाय. आन ती व्याली की पयल्या दिसापासनं तिच्यापाशी तुमी बसायचं. मला आईकडं जावं लागतंय अधनंमधनं.”